'डिस्क सापडत नाही' : एका वाक्याचा अर्थ व त्याची चिकित्सा

संगणकाच्या दुकानात तीन वाक्ये वारंवार कानी पडतात : 'डिस्क नाही', 'डिस्क सापडत नाही' आणि 'डिस्क गेली'. बोलणारा ती बहुधा एकाच अर्थाने वापरतो. विचार करू गेल्यास मात्र ती तीन निरनिराळी विधाने आहेत. पहिले वस्तूच्या अस्तित्वाविषयी आहे, दुसरे शोधणाऱ्याच्या ज्ञानाविषयी आणि तिसरे वस्तूच्या नाशाविषयी. तिसऱ्या वाक्यातील 'जाणे' हे क्रियापद तर मराठीत फारच संदिग्ध होय. 'दिवे गेले' म्हणताना ते परत येणार हे गृहीत असते. 'डोळे गेले' म्हणताना तसे नसते. दुकानदार 'डिस्क गेली' म्हणतो तेव्हा तो यांपैकी दुसऱ्या अर्थाने बोलत असतो, आणि ऐकणारा नवी डिस्क घेण्याच्या तयारीस लागतो.

लिनक्स ही प्रणाली संगणकावर बसविताना इन्स्टॉलरच्या पडद्यावर जी सूचना येते, ती या तिहींपैकी केवळ दुसऱ्या वाक्याच्या योग्यतेची असते. तिचा अर्थ तिसऱ्या वाक्यासारखा घेतला गेला म्हणजे चांगली डिस्क निकालात निघते, किंवा तीवरील सर्व सामग्री पुसून 'पुन्हा पहिल्यापासून' आरंभ करण्याचा सल्ला दिला जातो. भाषेच्या अभ्यासकास हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. ग्रीअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सर्वेक्षणासाठी पुढे बोलींचे जे नमुने ध्वनिमुद्रित झाले ते ग्रामोफोनच्या तबकड्यांवर होते. तबकडी हरवली की नाही हे कपाट उघडून पाहता येत असे. आज राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने डेक्कन कॉलेजाने हाती घेतलेले मराठी बोलींचे सर्वेक्षण असो, की एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी गावोगाव हिंडून केलेली ध्वनिमुद्रणे असोत, सगळा ऐवज अंगठ्याएवढ्या एका पट्टीवर साठविलेला असतो. ती पट्टी पाहून ती भरलेली आहे की रिकामी, जिवंत आहे की मृत, हे कोणासही सांगता येणार नाही. त्यासाठी यंत्रालाच विचारावे लागते, आणि ते काय उत्तर देते याचा अर्थ नीट लावावा लागतो.

उदाहरणासाठी अशी स्थिती कल्पावी. घोड नदीच्या काठी, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर वसलेल्या शिरूर येथे एक अभ्यासक तालुक्यातील वृद्धांची बोली टिपून घेत आहे. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज ही प्रणाली चालू आहे आणि त्याच डिस्कवर काही महिन्यांची ध्वनिमुद्रणे आहेत. ध्वनींच्या विश्लेषणासाठी लिनक्सही त्याच यंत्रावर असावी या हेतूने त्याने पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर तयार करून तो सुरू केला. भाषा निवडून झाली, कळपट निवडून झाला. पुढे जेथे डिस्क निवडावयाची तेथे यादी रिकामी. जवळच्या दुकानात विचारले तर उत्तर ठरलेले : 'डिस्क गेली'. शेजारीच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत विजेची घरगुती उपकरणे हजारांनी तयार होतात. पण लॅपटॉपच्या पोटात नेमके काय बिघडले हे समजावून सांगणारा माणूस तालुक्याच्या गावी सहजी भेटत नाही.

येथे पहिला प्रश्न असा, की रात्रीपर्यंत ज्या डिस्कवरून विंडोज सुरळीत चालत होती ती डिस्क सकाळी पेनड्राइव्ह लावताच मेली कशी? पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू करावे. विंडोज पूर्ववत् उघडली तर 'डिस्क गेली' हे वाक्य तेथेच खोटे ठरते. ही परीक्षा इतकी साधी आहे की ती करावयाचे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

मग इन्स्टॉलर खोटे बोलतो काय? तसेही नाही. त्याच्याजवळ जेवढे ज्ञान पोहोचले तेवढे तो सांगतो. डिस्क आणि पडद्यावरील यादी यांमध्ये एकाहून एक वरच्या अशा पायऱ्या आहेत. सर्वांत खाली स्वतः डिस्क व तिची जोडणी. तिच्यावर मदरबोर्डवरील नियंत्रक, म्हणजे कंट्रोलर. तो कोणत्या रीतीने वागेल हे बायोसच्या सेटिंगने ठरते. नव्या यंत्रांत बायोसची जागा यूईएफआयने घेतली असली तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. त्यावर लिनक्सचे कर्नेल आणि त्यातील ड्रायव्हर. सर्वांत वर इन्स्टॉलर. न्यायालयातील साक्षीच्या भाषेत सांगावयाचे तर इन्स्टॉलरची साक्ष ऐकीव आहे. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार कर्नेल होय.

आणि येथेच भाषेची एक अडचण उभी राहते. डेबियन या लिनक्स-वितरणाच्या इन्स्टॉलरमध्ये २००९ च्या 'लेनी' या आवृत्तीपासून मराठी उपलब्ध झाली. तीही चित्ररूप पडद्यावरच, कारण साध्या अक्षर-पडद्यावर प्रत्येक वर्णाला एक चौकट अशी व्यवस्था असते, आणि वेलांट्या, उकार, जोडाक्षरे त्या चौकटीत मावत नाहीत. तेव्हा मराठी वाचकास इन्स्टॉलरचा प्रश्न मराठीत दिसतो. कर्नेल मात्र आपली निवेदने इंग्रजीतच लिहिते, आणि तीही मागे, नोंदवहीत. परिणाम असा होतो की जो मराठी बोलतो त्यास कारण ठाऊक नसते, आणि ज्यास कारण ठाऊक असते त्याचे कोणी ऐकत नाही.

कर्नेल डिस्क 'ओळखते' म्हणजे काय करते, तेही पाहिले पाहिजे. ते तिला नाव देते. नाव मिळाले की डिस्क आहे. नाव मिळाले नाही तर वरच्या पायऱ्यांच्या दृष्टीने ती नाहीच. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता मिनिक्सच्या वृत्तगटास कळविली, तेव्हा ती एटी प्रकारच्या हार्डडिस्कखेरीज दुसऱ्या कशावर बहुधा कधीच चालणार नाही, कारण आपल्यापाशी तेवढीच आहे, असे त्यांनी मोकळेपणी सांगून टाकले होते. लिनक्सला कोणती डिस्क दिसते हा प्रश्न, म्हणजे, लिनक्सइतकाच जुना आहे. आरंभी अशा डिस्कांची नावे 'एच-डी-ए', 'एच-डी-बी' या क्रमाने ठेवली जात. स्कझी या दुसऱ्या प्रकारच्या डिस्कांची 'एस-डी-ए', 'एस-डी-बी' अशी. २००७ च्या सुमारास ड्रायव्हरांची रचना बदलली आणि पहिल्या कुळातील डिस्काही दुसऱ्या कुळाच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. पुढे एन. व्ही. एम. ई. ही वेगवान पद्धत आली. तिचा पहिला मानक-मसुदा २०११ चा, आणि लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर २०१२ मध्ये आला. तिच्या डिस्केला 'एन-व्ही-एम-ई-शून्य-एन-एक' असे लांबलचक नाव मिळते. त्यातील नियंत्रकाची गणना शून्यापासून व त्याच्या विभागाची एकापासून का, हे नाव ठेवणारेच जाणोत.

या नावांत एक सापळा आहे. 'एस-डी-ए' हे नाव हार्डडिस्केची मिरास नव्हे. त्या पद्धतीने जे साधन प्रथम सापडेल त्याला ते मिळते. ज्या लॅपटॉपची खरी डिस्क दिसत नाही त्यावर हे नाव चक्क पेनड्राइव्हला मिळते. नवखा माणूस यादीत 'एस-डी-ए' पाहून 'डिस्क सापडली' म्हणून हर्षित होतो आणि ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर चालू आहे तोच पुसावयास निघतो. नावापेक्षा आकार पाहावा : पेनड्राइव्ह सोळा किंवा बत्तीस गिगाबाइटांचा, डिस्क पाचशेच्या घरातील, हा भेद सहसा फसवीत नाही.

आता कर्नेलाची साक्ष कशी काढावी ते पाहू. उबुंटू, फेडोरा, डेबियन इत्यादी वितरणांच्या 'लाइव्ह' प्रती मिळतात. डिस्केला स्पर्श न करता त्या पेनड्राइव्हवरूनच चालतात. अशी प्रत सुरू करून टर्मिनल उघडावे व तीन आज्ञा द्याव्या. पहिली 'एल-एस-बी-एल-के', ती नाव मिळालेल्या डिस्कांची यादी देते. दुसरी 'एल-एस-पी-सी-आय', ती मदरबोर्डच्या पीसीआय मार्गावर कोणकोणती यंत्रे आहेत ते सांगते, मग त्यांस ड्रायव्हर मिळालेला असो वा नसो. तिसरी 'डी-एम-ई-एस-जी'; ही कर्नेलाची रोजनिशी. उबुंटूसारख्या वितरणांत तिच्यापूर्वी 'सुडो' हा शब्द लिहावा लागतो, कारण ही रोजनिशी कोणासही वाचू देऊ नये असे त्यांचे धोरण आहे.

शिरूरच्या कल्पित लॅपटॉपवर पहिल्या यादीत केवळ पेनड्राइव्ह दिसेल. दुसऱ्या यादीत एन. व्ही. एम. ई. डिस्केचा उल्लेख नसेल. परंतु इंटेलचा एक 'रेड' नियंत्रक असेल. आणि तिसऱ्यात, शेकडो ओळींच्या गर्दीत, अशा आशयाची नोंद सापडेल : इतक्या एन. व्ही. एम. ई. डिस्का अन्यत्र वळविलेल्या आढळल्या; त्या वापरावयाच्या असल्यास बायोसमध्ये रेडऐवजी ए. एच. सी. आय. ही पद्धत निवडावी. रोगाचे निदान आणि औषध दोन्ही कर्नेलाने लिहून ठेवलेले असते. इन्स्टॉलरपर्यंत पोहोचते ते केवळ रिकाम्या यादीच्या रूपाने.

हे 'वळविणे' म्हणजे काय? इंटेलच्या 'रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' या व्यवस्थेत डिस्क पीसीआय मार्गावर स्वतंत्रपणे उभी राहत नाही. चिपसेट तिला मार्गावरून लपवितो आणि जुन्या धर्तीच्या सॅटा नियंत्रकाच्या पोटात तिचे दार उघडतो. ते दार ज्यास माहीत आहे अशा इंटेलच्या ड्रायव्हरलाच डिस्क भेटते. घर तेच, माणूस तोच. परंतु रस्त्यावरची पाटी काढून त्याचे टपाल शेजाऱ्याच्या पत्त्यावर वळविले आहे, असा हा प्रकार. विंडोजच्या विक्रीस ठेवलेल्या यंत्रांत तो ड्रायव्हर आधीच घातलेला असतो, म्हणून तेथे काही अडत नाही.

या प्रकाराने २०१६ च्या सप्टेंबरात मोठा गदारोळ झाला होता. लेनोव्होच्या 'योगा ९००' मालिकेतील एका लॅपटॉपवर लिनक्सला डिस्क दिसेना, आणि बायोसमध्ये पद्धत बदलण्याची सोयही नव्हती. मायक्रोसॉफ्टने लिनक्सला मुद्दाम कुलूप घातले अशी बोलवा सर्वत्र पसरली. लिनक्सचे विकासक मॅथ्यू गॅरेट यांनी दाखवून दिले की अशा कटाची कल्पना करण्याचे कारण नाही. इंटेलची ही साठवण-पद्धत आणि तिच्यासाठी लिनक्सला ड्रायव्हर नसणे एवढ्याने सर्व उलगडते. पुढे लेनोव्होने बायोसची सुधारित आवृत्ती काढून ए. एच. सी. आय.चा पर्याय दिला. वस्तुतः या प्रकरणात कोणास दोष द्यावयाचाच, तर तो पर्याय मुळात लपविणाऱ्यास द्यावा लागेल.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढील अनेक लॅपटॉपांत हेच काम 'व्ही. एम. डी.' नावाची व्यवस्था करते. तिचा विशेष असा, की तेथे विंडोजचा कोरा इन्स्टॉलरही लिनक्सप्रमाणेच डिस्क सापडत नाही म्हणून थांबतो. इंटेलचा ड्रायव्हर वेगळ्या पेनड्राइव्हवरून भरवावा लागतो. लिनक्सच्या नव्या कर्नेलात मात्र व्ही. एम. डी.चा ड्रायव्हर अंतर्भूत आहे. तेव्हा कपाटातील जुन्या पेनड्राइव्हऐवजी वितरणाची चालू आवृत्ती उतरवून घेतली तर बायोसला हात न लावताही डिस्क दिसण्याचा संभव असतो. हा उपाय प्रथम करून पाहावा. त्यात गमावण्यासारखे काही नाही.

बायोसमधील बदल करावयाचा ठरला, तर मात्र घाई घातक ठरते. पद्धत एकदम बदलली तर पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर थांबते, कारण नव्या पद्धतीचा ड्रायव्हर आरंभीच उठवावा हे तिला कोणी सांगितलेले नसते. शिवाय विंडोज ११ च्या पुष्कळ यंत्रांत डिस्क 'बिटलॉकर'ने आपोआप कुलुपबंद केलेली असते, आणि मालकास त्याची वार्ताही नसते. बायोसमध्ये फेरफार झाला की ही व्यवस्था संशय घेऊन ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खाते दुकानदाराने लॅपटॉप देतेवेळी स्वतःच उघडून दिलेले असले तर त्याचा परवलीचा शब्द कोणासच आठवत नाही. ध्वनिमुद्रणे खऱ्या अर्थाने 'जातात' ती अशा वेळी. डिस्क ठणठणीत असते, पण कुलूप उघडत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. विंडोज चालू असतानाच सर्व ध्वनिमुद्रणे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून ऐकावी. केवळ फाइलींची नावे दिसली म्हणजे प्रत झाली असे मानू नये. नंतर बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून ते कुलूप तात्पुरते स्थगित करावे. डिस्केच्या वेगवृद्धीसाठी इंटेलची 'ऑप्टेन' स्मृती जोडलेली असेल तर तीही विंडोजमधूनच बंद करावी, कारण काही मजकूर त्या स्मृतीत असू शकतो. दोन डिस्का खरोखरच रेड पद्धतीने एकत्र बांधलेल्या असतील तर हा बदल मुळीच करू नये, बांधणी तुटते. एवढे झाल्यावर 'एम-एस-कॉन्फिग' उघडून त्यातील 'बूट' या भागात 'सेफ बूट'वर खूण करावी, यंत्र पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये जावे आणि रेडच्या जागी ए. एच. सी. आय. निवडावे, किंवा व्ही. एम. डी. बंद करावी. विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडली की योग्य ड्रायव्हर आपण होऊन उठतो. मग ती खूण काढून टाकावी. हा पर्याय प्रत्येक कंपनी निरनिराळ्या ठिकाणी ठेवते. एसरच्या काही लॅपटॉपांत तर 'मेन' या पानावर कंट्रोल व एस या कळा एकत्र दाबल्याखेरीज तो दिसतच नाही. यानंतर लाइव्ह प्रतीत 'एल-एस-बी-एल-के' ही आज्ञा दिली असता ते लांबलचक नाव यादीत उमटलेले आढळेल.

नियंत्रकाच्या पद्धतीखेरीज इतर कारणेही आहेत, पण ती तितकी बुचकळ्यात टाकणारी नाहीत. कधी कर्नेलास डिस्क दिसते आणि इन्स्टॉलर तिला यादीत घेत नाही. अशा वेळी ती पूर्वी कोणत्या तरी रेड जोडणीत होती काय हे पाहावे. इंटेलच्या रेडची खूण डिस्केच्या अगदी शेवटच्या भागात लिहिलेली असते. वरवर फॉरमॅट केल्याने ती जात नाही, आणि इन्स्टॉलर ती वाचून 'ही एकटी डिस्क नव्हे' असे समजतो. 'वाइप-एफ-एस' ही आज्ञा नुसती दिली तर अशा खुणा केवळ दाखविते, पुसत नाही. पुसण्यासाठी जे अक्षर जोडावे लागते ते जोडण्यापूर्वी डिस्केचे नाव दोनदा वाचणे बरे. जुन्या मालाच्या बाजारातून घेतलेल्या डिस्कांत हा प्रकार विशेष आढळतो.

बायोसलाच डिस्क दिसत नसेल तर मात्र लिनक्सचा संबंध संपला. प्रथम जोडणी पाहावी. टेबलावरच्या संगणकात सॅटाची तार व विजेची तार या दोन असतात, आणि एक सैल झाली तरी पुरते. लॅपटॉपमधील एम. २ या खाचेत दिसायला सारख्या अशा दोन जातींच्या पट्ट्या बसतात, सॅटाच्या व एन. व्ही. एम. ई.च्या. खाच एकाच जातीची असेल तर दुसऱ्या जातीची पट्टी तीत बसलेली दिसेल, पण सापडणार नाही. नव्या डिस्केबद्दल तक्रार करण्यापूर्वी यंत्राच्या माहितीपत्रकात खाचेची जात तपासावी.

राहता राहिली खरोखर निकामी होत चाललेली डिस्क. तिची साक्ष निराळी असते. तिला नाव मिळते, आकारही दिसतो, पण कर्नेलाच्या रोजनिशीत वाचन-लेखनाच्या चुकांच्या ओळींवर ओळी येऊ लागतात. फिरत्या तबकडीची डिस्क असेल तर टक्-टक् असा आवाज येतो. तिच्यावर इन्स्टॉलर चालविणे, ती दुरुस्त करणारी आज्ञा देणे, किंवा 'पुन्हा एकदा पाहू' म्हणून यंत्र वरचेवर बंद-चालू करणे हे तिचे उरलेले श्वास खर्च करण्यासारखे आहे. 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हा कार्यक्रम अशा डिस्केचा जो भाग सुखाने वाचता येतो तो आधी उतरवून घेतो आणि अवघड भागाकडे नंतर वळतो. शिवाय कोठवर आलो याची टिपण मागे ठेवतो, म्हणून मध्येच वीज गेली तरी काम पुन्हा तेथूनच उचलता येते. टक्-टक् करणारी डिस्क मात्र त्याच्याही हाती न देता विजेपासून तोडून ठेवावी व सामग्री-पुनर्प्राप्तीचे काम करणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. तिच्यावर प्रत नसलेली ध्वनिमुद्रणे असतील, आणि ती ज्यांच्या आवाजात आहेत त्या व्यक्ती आता हयात नसतील, तर पहिली संधी हीच बहुधा शेवटची असते.